काजळीची ऊब

आमच्या घरी नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री काजळ धरण्याची पद्धत होती. आई तुपाची वात लावी, दोन्ही बाजूंना दोन वाट्या पालथ्या ठेवी आणि त्यांच्यावर पितळेचे ताट उपडे घाली. पहाटे पाहावे तो ताटाच्या पोटाला मखमलीसारखी काळीभोर साय धरलेली असे. ती बोटाने निपटून, थोड्या तुपात खलून आई डबीत भरी, आणि अभ्यंगस्नान झाले की आम्हा सगळ्या भावंडांच्या डोळ्यांत घाली. ताटाला कुणी हात लावू लागले की ती ओरडे, "लांब राहा रे! ही काजळी एकदा लागली की काही केल्या निघत नाही."

ते शब्द माझ्या बाबतीत अक्षरशः खरे ठरले. पुढे माझी सारी नोकरी काजळीत गेली. शेताला पाणी नेणारे काळे प्लास्टिकचे नळ करणाऱ्या एका कारखान्यात मी रसायनाचे काम पाहत असे. पॉलिथीन मूळचे दुधाळ पांढरे. पण उन्हात पडले की एक-दोन वर्षांत तडकते. त्यात शेकडा दोन-अडीच भाग काजळी घातली की ती उन्हातले घातक किरण स्वतः शोषून घेते आणि नळ वर्षानुवर्षे टिकतो. बाजारात तिला 'कार्बन ब्लॅक' म्हणतात. नाव भारदस्त असले, तरी तेल किंवा वायू अपुऱ्या हवेत जाळून धरलेली ती काजळीच. आमच्याकडे ती पोत्यांतून येई, आणि संध्याकाळी घरी जाताना माझ्या नखांत असे.

ह्या काजळीने वीज वाहते आणि तिच्यावर माणसाला ऊब घेता येते, हे मला कारखान्याने शिकवले नाही. ते मी आईच्या पायामुळे शिकलो.

१९८४ सालची थंडी होती. आईला मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली होती आणि पाय रात्री गार पडत. मी बाजारातून विजेवरची शेकायची गादी आणली. ती कोणत्या कंपनीची होती ह्याला आता महत्त्व नाही. तशा गाद्या तेव्हा सगळ्यांच्याच सारख्या असत. दोन-तीन रात्री सुखाच्या गेल्या. चौथ्या रात्री झोपेत गादीचा एक कोपरा दुमडला गेला, त्यावर गोधडीची घडी पडली आणि त्यावर आईची टाच. सकाळी टाचेवर रुपयाएवढा फोड होता.

"अगं, भाजत होतं तर हाक का नाही मारलीस?" मी जरा रागानेच विचारले.

"मला काही कळलंच नाही रे," ती म्हणाली. मधुमेहाने पायांची जाणीव जवळजवळ गेलेली, हे तोवर तिला माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. ती जखम भरायला होळी उजाडली.

मी ती गादी फाडून पाहिली. आत वळणावळणाने शिवलेली एक बारीक तार आणि मध्ये बटणाएवढा एक थर्मोस्टॅट. तारेतून वीज गेली की ती तापते, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व तारेच्या रोधाच्या प्रमाणात निघते, हे जेम्स जूल ह्याने १८४१ सालीच दाखवून दिले होते. तापणीच्या तारेचे मोठेपण असे की ती कितीही तापली तरी तिचा रोध फारसा बदलत नाही. शेगडीत हा गुण. अंथरुणात मात्र हाच दावा साधतो. गादीचा कोपरा दुमडला, उष्णता बाहेर पडायला वाट राहिली नाही, तरी तार आपली ठरलेली उष्णता देतच राहते. थर्मोस्टॅट बिचारा मध्यभागी बसलेला. कोपऱ्यात काय चालले आहे हे त्याला कळण्याची सोय नाही. आईच्या पायासारखेच त्याचेही.

मग मला ध्यास लागला. जिथे जिथे तापेल तिथे तिथे आपणहून आवरते घेईल, अशी काही वस्तू करता येईल का? प्रत्येक बोटभर जागेला स्वतःचा थर्मोस्टॅट? सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात बसून 'केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स'चे जाडजूड खंड मी चाळू लागलो, आणि काही रविवारांतच माझ्या ध्यानी आले की मी ज्याच्या शोधात होतो ते जगात अगोदरच सापडले होते. शिवाय ते ज्या दोन पदार्थांतून झाले होते, ते दोन्ही माझ्याच कारखान्यात पोत्यांनी पडून होते.

ह्या कथेतली पहिली गंमत अशी की तिचा एक नायक वीज अडवण्यासाठीच जन्माला आला. इंग्लंडात विनिंग्टन येथे इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे दोघे जबरदस्त दाबाखाली वायूंचे काय होते ते पाहत होते. मार्च १९३३ मध्ये त्यांच्या पात्रात एथिलीन वायूऐवजी मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. तेच पॉलिथीन. १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे हिटलरचे सैन्य पोलंडात शिरले त्याच दिवशी, त्याचे मोठ्या प्रमाणावरचे उत्पादन सुरू झाले, आणि युद्धात रडारच्या तारांवर आवरण म्हणून त्याने मोठी कामगिरी बजावली. कारण विजेला ते जराही दाद देत नाही. त्याची रोधकता आकड्यांत सांगायची तर एकावर पंधरा-सोळा शून्ये द्यावी लागतात.

दुसरा नायक काजळी. शाईत आणि डोळ्यांत ती हजारो वर्षे होतीच. १९०४ च्या सुमारास लंडनजवळ सिल्व्हरटाऊनच्या रबर-कारखान्यात मोट नावाच्या गृहस्थांना आढळले की रबरात ती घातली तर रबर कमालीचे बळकट होते. मोटारीचे टायर पांढऱ्याचे काळे झाले ते त्यानंतर. पुढे लक्षात आले की पुरेशी काजळी घातलेले रबर वीजही वाहते. इस्पितळांत त्याचा तातडीने उपयोग झाला. त्या काळी भूल देण्यासाठी ईथर वापरत. कपड्यांच्या घर्षणाने उडालेली एक ठिणगी शस्त्रक्रियेच्या खोलीत भडका उडवू शके. म्हणून तिथल्या गाड्यांची चाके आणि जमिनीवरचे अंथरूण वीजवाहक काळ्या रबराचे करू लागले. तसल्या रबराचे तक्ते करून खोल्या उबदार करण्याचे प्रयत्नही दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत झाले.

पण वीज अडवणाऱ्या पदार्थातून काजळी वीज नेते तरी कशी? पावसाळा सरल्यावर नदीतल्या दगडांवरून पाय न भिजवता पलीकडे जायचे असते, तसे हे आहे. दहा-वीस दगड इतस्ततः पडलेले असतील तर मधेच अडकाल. आणखी टाकत गेलात तरी बराच वेळ काही फरक पडत नाही. आणि मग अशी एक वेळ येते की चार दगड अधिक पडताच अलीकडून पलीकडे एक अखंड वाट जुळते. १९५७ साली ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली ह्या ब्रिटनमधील दोन गणितज्ञांनी ह्या एकाएकी वाट जुळण्याचे गणित मांडले. त्यांच्या डोळ्यांसमोर वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यातला सच्छिद्र कोळसा होता, काळे रबर नव्हते; पण गणित दोन्हीकडे लागू पडले. काजळीचा कण इतका बारीक की मिलिमीटरच्या जाडीत असे हजारो कण ओळीने मावावेत. ते द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांना चिकटून असतात, आणि घडाला घड टेकला की वीज वाहू लागते.

आता नदी फुगली तर? दगड तेच, पण अंतर वाढले, वाट तुटली. पॉलिथीन तापून वितळू लागले की त्याचे आकारमान शेकडा दहाहूनही अधिक वाढते. काजळीचे घड एकमेकांपासून दूर सरतात आणि रोध हजारो पटींनी चढतो. गार झाले की प्लास्टिक आक्रसते, वाट पुन्हा जुळते.

ज्यांना काळ्या प्लास्टिकमधून सरळ, भरवशाची वीज न्यायची होती त्यांना हा दोष वाटला असल्यास नवल नाही. दोषाकडे उलट बाजूने पाहणारी माणसे थोडीच. फ्रिडमन नावाच्या संशोधकाने १९४० च्या दशकात ब्रिटनमध्ये ह्या गुणावर पेटंट घेतले होते; पण त्यावर म्हणावा तसा उद्योग उभा राहिला नाही. १९६६ साली अमेरिकेत फ्रेड कोहलर ह्याला पॉलिथीन आणि काजळीच्या अशाच मिश्रणावर पेटंट मिळाले. घरातल्या विजेचा दाब कायम असतो. तेव्हा रोध वाढला की प्रवाह घटतो आणि उष्णता आपोआप उतरते. म्हणजे मला हवी होती ती वस्तू, प्रत्येक कण स्वतःचा पहारेकरी असलेली!

तरी तत्त्व हाती येणे वेगळे आणि वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू हाती येणे वेगळे. पहिली अडचण अशी की प्लास्टिक पुरते वितळले की त्यात काजळीचे घड मोकळेपणी हिंडू लागतात, पुन्हा एकमेकांना भेटतात, आणि चढलेला रोध नेमक्या नको त्या वेळी कोसळतो. पहारेकऱ्याने ऐन चोरीच्या वेळी डुलकी घ्यावी तसे. ह्यावरचा उपाय भलत्याच दिशेने आला. १९५२ साली इंग्लंडात हार्वेल येथील अणुभट्टीत आर्थर चार्ल्सबी ह्याने पॉलिथीन किरणोत्सर्गात ठेवून पाहिले. त्याच्या लांबलांब साखळ्यांना जागोजागी टाके पडले आणि ते वितळबिंदूच्या वर नेले तरी ओघळेना. रबरासारखे लवचीक राहिले. अमेरिकेत पॉल कुक ह्या रसायन-अभियंत्याने ह्याच विद्येवर १९५७ साली कॅलिफोर्नियात 'रेकेम' ही कंपनी काढली. विमानातल्या तारांची आवरणे आणि ऊन लागताच आक्रसून घट्ट बसणाऱ्या नळ्या हा तिचा पहिला धंदा.

दुसरी अडचण जास्त नाजूक होती. वाट हमखास जुळावी म्हणून भरपूर काजळी घालावी तर प्लास्टिक ठिसूळ होते, आणि दगडांची इतकी गर्दी होते की पूर आला तरी वाट तुटत नाही. काजळी कमी घालावी तर यंत्रातून दाबून बाहेर काढताना घड ताणले जाऊन वाटच जुळत नाही. रेकेमचे रॉबर्ट स्मिथ-जोहान्सन आणि जॅक वॉकर ह्यांनी काढलेली तोड, जिचे पेटंट १९७५ साली मिळाले, वाचली तेव्हा मी ग्रंथालयात एकटाच हसलो. त्यांनी काजळी शेकडा पंधराच्या आत ठेवली. दोन समांतर तांब्याच्या तारा आणि त्यांच्यामध्ये हे काळे प्लास्टिक अशी पट्टी ओढली; वर अधिक तापमानाला टिकणारे आवरण चढवले, म्हणजे आकार बिघडायला नको. मग ती पट्टी वितळबिंदूच्या वरच्या तापमानात तासन्‌ तास नुसती ठेवून दिली. तेवढ्या विसाव्यात ताणलेले घड हळूहळू एकमेकांजवळ येतात, वाट जुळते, रोध उतरतो. ती जुळली की किरणांनी टाके घालून सारे पक्के करायचे. दह्याचे विरजण लावल्यावर ढवळू नये, हे आमच्या घरी पोरांनाही ठाऊक, तीच युक्ती!

ह्या पट्ट्या १९७० च्या दशकापासून तेलशुद्धी कारखान्यांत, थंड देशांतल्या पाण्याच्या नळांवर, छपरांच्या पन्हाळींत पसरल्या. हवी तेवढी लांबी कापावी. पट्टी स्वतःवरच आडवी पडली तरी जळत नाही. हेच मिश्रण उलट्या कामालाही लागले. प्रवाह अतोनात वाढला की तापून वाट बंद करायची आणि गार झाले की उघडायची, असे छोटे रक्षक संगणकांत आणि बॅटऱ्यांत बसू लागले. मोटारींच्या आसनांत आणि आरशांतही तापणारी काळी शाई आली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण वीज वाहणारे प्लास्टिक म्हटले की जाणकारांना वेगळेच नाव आठवते. १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा ह्यांच्या प्रयोगशाळेत चुकून हजारपट उत्प्रेरक पडला आणि पॉलिॲसिटिलीनचा चंदेरी पापुद्रा तयार झाला. पुढे ॲलन मॅकडिअर्मिड आणि ॲलन हीगर ह्यांच्यासह, १९७७ साली, त्यात आयोडीन मुरवून त्यांनी त्याची वाहकता कोट्यवधी पटींनी वाढवली आणि २००० साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते प्लास्टिक स्वतःच वीज वाहते, काजळीच्या उसन्या बळावर नव्हे. शोध थोरच. पण पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही, आणि म्हातारीचे पाय शेकायला ते काही कामाचे नाही. तिथे घरची काजळीच हवी.

तेव्हा मी घरच्या काजळीकडे वळलो. मालकांनी रविवारी यंत्र वापरायची परवानगी दिली, ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आमच्या मिक्सिंग मिलवर एक अनुभवी कामगार होते. सगळे त्यांना मामा म्हणत. तापलेल्या दोन रुळांमध्ये पॉलिथीनचा दाणा आणि काजळी असे घोटत की पत्र्यावर एक ठिपका दिसू नये. पहिला पत्रा असाच आरशासारखा निघाला. मी मल्टिमीटर लावला. काटा हलेना.

"मामा, हा तर वीज नेतच नाही."

"साहेब, ह्याच्यापेक्षा चांगला घोटलेला माल तुम्हाला कुठं मिळायचा नाही," मामा दुखावून म्हणाले.

आणि तेच तर चुकले होते! मामांच्या हातातल्या कसबाने घडांची फाटाफूट होऊन काजळी एकसारखी विखुरली होती; एक दगड दुसऱ्याला टेकलेला नव्हता. पुढच्या खेपेला मी निम्म्या वेळातच माल उतरवायला सांगितला. मामांनी तो उतरवला, पण त्या कच्च्या मालाकडे त्यांनी पाहिले नाही. काटा लगेच हलला. मात्र एका पत्र्याच्या चार कोपऱ्यांत चार आकडे. मग अमेरिकन युक्ती आठवून मामांचा तो सुरेख पत्राच दोन लोखंडी पाट्यांत घट्ट आवळून रात्रभर भट्टीत ठेवला. सोमवारी सकाळी चारही कोपरे एका आकड्याच्या आसपास आले होते. मामांना दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे माल माझाच बरोबर होता."

तरी आईच्या पायाखाली तो पत्रा घालता आला नसता. पॉलिथीनचा वितळबिंदू ११० अंशांच्या आसपास. म्हणजे पहारेकरी जागा व्हायचा तो पाय भाजून गेल्यावर. उष्णता कुठे थांबावी हे काजळी ठरवत नाही, प्लास्टिक ठरवते, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने उमगले. चपलांच्या तळव्यांसाठी जे ई.व्ही.ए. वापरतात ते एथिलीनचेच, पण व्हिनिल ॲसिटेटच्या जोडीने केलेले. ॲसिटेटचे प्रमाण वाढवावे तसा वितळबिंदू खाली येतो. चपलावाल्यांना दाणा पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून निरनिराळे दाणे आणून पाहता पाहता दुसरी दिवाळी आली.

शेवटी एक पत्रा साधला. दोन कडांना तांब्याच्या पातळ पट्ट्या दाबून बसवल्या. घरच्या विजेला थेट जोडायचा धीर मला झाला नाही. मध्ये ट्रान्सफॉर्मर घालून २४ व्होल्टवरच ठेवला. गार असताना रोध १४ ओहम, म्हणजे उष्णता सुमारे ४० वॅट. गोधडीखाली गुंडाळून तासभर ठेवला तो रोध ३५ वर गेला आणि उष्णता १६ वॅटवर उतरली. कोपरा मुद्दाम दुमडून त्यावर उशी ठेवली, वर मी स्वतः बसलो. कोपरा उबदार झाला आणि तिथेच थांबला. किरणांनी टाके घालायची सोय मात्र मला नव्हती. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पुढे इलेक्ट्रॉनांच्या झोताने तारांची आवरणे पक्की करण्याचे काम केले. पण एका पत्र्यासाठी मी कुणाचे दार ठोठावणार? तेवढा कच्चेपणा त्यात राहिला, आणि म्हणूनच मी तो घराबाहेर कुणाला दिला नाही. त्याआधी पंधरा रात्री मी तो माझ्याच पायाखाली घेऊन झोपलो.

मग सुती खोळ शिवून तो आईला दिला. तिने हात फिरवला, खोळीच्या शिवणीतून आत डोकावली.

"काळं काय आहे हे?"

"काजळी. तू ताटावर धरतेस तीच."

"आणि दिवा कुठाय?"

दिवा नाही, हे तिला पटवायला बराच वेळ लागला. पटले की नाही कोण जाणे; पण त्या हिवाळ्यात आणि पुढच्याही हिवाळ्यात तो पत्रा तिच्या पायाशी होता. माझा तिथे एक जाच मात्र कायमचा बसला. रोज सकाळी मी तिच्या टाचा पाहत असे, आणि ती रोज म्हणे, "अरे, आता पुरे."

तिसऱ्या वर्षी, पौषातल्या एका पहाटे, तिने हाक मारली.

"अरे, रात्री तुझी गोधडी झोपी गेली बघ. पाय गार पडले."

मी खोळ काढून पत्रा उजेडात नेला. तापून-निवून, फुगून-आक्रसून एका कडेची तांब्याची पट्टी प्लास्टिकपासून सुटली होती. बाकी पत्रा जसाच्या तसा होता. तो बाजूला ठेवला आणि नेहमीप्रमाणे तिच्या टाचा पाहिल्या. गार होत्या, पण धड होत्या.